चुकीचे नट दिले, चाक निघालं: दुकानदार जबाबदार ठरतो का?

प्रश्न: दिग्रस तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या चाकांसाठी अमरावतीच्या दुकानातून दहा नट घेतले. नमुना म्हणून जुना नट सोबत नेला होता. गावातल्या फिटरने ते बसवले; त्याचं नाव तक्रारीत घ्यायला मन होत नाही. पंधरवड्यात कापूस नेताना मागचं चाक निघालं आणि वडिलांचा हात मोडला. आयटीआयच्या शिक्षकांनी मोजलं, तर स्टड (ज्यांवर चाकाचे नट चढतात ते आट्यांचे खिळे) १२ मिलिमीटरचे आणि नवे नट अर्ध्या इंचाचे निघाले. मागचा एक्सल आधीच्या मालकाने बदललेला आहे. दुकानदार म्हणतो, “गाडीचं साल सांगितलं, तसा माल दिला. विकलेला माल परत नाही.”

उत्तर: भाऊ, जुना नट तुम्ही दुकानदाराच्या हातात दिला होता, यावरच तुमचं प्रकरण उभं आहे. नुसतं साल सांगितलं असतं तर त्याची बाजू जड झाली असती, कारण एक्सल बदललेल्या गाडीत सालावरून पार्ट ओळखता येत नाही. वस्तू कशासाठी हवी हे गिऱ्हाइकाने सांगितलं आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे, असं माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ सांगतं. तो जुना नट, नवे नट आणि उखडलेले स्टड कापडात बांधून ठेवा. भंगारात देऊ नका, घासून साफही करू नका.

“नट बसला कसा?” असं ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारं न्यायपीठ, नक्की विचारेल. अर्ध्या इंचाच्या नटाच्या आट्यांचं अंतर १.२७ मिलिमीटर आणि तुमच्या स्टडचं १.२५ असेल, तर नट हाताने सरसर चढतो, पाना लावला की घट्टही वाटतो. पण व्यासात ०.७ मिलिमीटरचा फरक असल्याने आटे एकमेकांत पुरते रुतत नाहीत आणि भार आला की निसटतात. शिक्षकांकडून व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) आणि पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायचं साधन) यांची मापं लेखी घ्या. आयोगही माल सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

नटांवर कंपनीची खूण आहे का, तेही बघा. नसेल आणि बनवणारा कोण हे कळतच नसेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८६ प्रमाणे विकणाराच उत्पादनाच्या दोषाला जबाबदार धरता येतो. वडिलांची दुखापत आणि जीपचं नुकसान, दोन्हींची भरपाई मागा. दवाखान्याची बिलं जपून ठेवा. बिलावरच्या “माल परत नाही” या ओळीला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

फिटरचं नाव घ्यायला तुम्हाला जड जातंय, हे समजतं. पण दुकानदार पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवेल, आणि नट सैल चढतोय हे जाणत्या हाताला कळायला हवं होतं, हेही खरं. तो पक्षकार नसेल तर त्याच्या वाट्याची भरपाई बुडेल. म्हणून त्याला आधी घरी जाऊन सांगा आणि दुसरा विरुद्ध पक्ष करा.

शेतमालासाठी स्वतः गाडी चालवता, म्हणून तुम्ही ग्राहकच. मात्र भाड्याने फेऱ्या मारत असाल, नोंदणी संपली असेल किंवा एक्सल बदलल्याची नोंद नसेल, तर ते वकिलापासून लपवू नका.

तक्रार अमरावतीला जाऊन करायची गरज नाही. राहण्याच्या ठिकाणावरून यवतमाळच्या जिल्हा आयोगात चालते. मुदत दोन वर्षं. आयोगाचा अधिकार आणि शुल्क मालाच्या किमतीवर ठरतात, आणि नटांची किंमत थोडीच, त्यामुळे तुम्हाला शुल्क लागणार नाही. मोबाइलमधले फोटो आणि संदेश जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (डिजिटल पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र लावा. तक्रारीआधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवस द्या, आणि जुना नट दाखवल्याचा उल्लेख तिच्या पहिल्याच परिच्छेदात करा.