जँगोत स्वतःचं युजर मॉडेल: पहिल्या मायग्रेटच्या आधीच उरका

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये नवा प्रोजेक्ट उघडलात की मायग्रेट (डेटाबेसमध्ये तक्ते बनवणारी आज्ञा) चालवायची घाई करू नका. आधी ‘अकाउंट्स’ नावाचं ॲप करा आणि त्यात ॲबस्ट्रॅक्टयुजर या जँगोच्या तयार क्लासवरून स्वतःचा युजर क्लास काढा. आत नुसतं ‘पास’ (पायथनमध्ये ‘काही करू नको’) लिहिलंत तरी आज पुरे. ॲप इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये घाला, सेटिंग्जमधल्या ऑथ युजर मॉडेलला ‘अकाउंट्स.युजर’ द्या, मगच मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट.

क्रम चुकला तर ॲडमिनचं (जँगोच्या तयार व्यवस्थापन ॲपचं) पहिलं मायग्रेशन आधीच लागलेलं असतं आणि ते ज्यावर टेकतं ते तुमचं मायग्रेशन मागे राहतं. मग जँगो ‘इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी’ म्हणत अडून बसतो. डेटा खोटाच असेल तर डेटाबेस सरळ उडवा. खरा असेल तर फॉरेन की (एका तक्त्यातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे) हाताने हलवाव्या लागतात, आणि ते नवख्याचं काम नव्हे.

ईमेलने लॉगिन हवं? युजर क्लासमध्ये युजरनेमला ‘नन’ (पायथनमध्ये ‘काहीच नाही’) द्या, ईमेल युनिक ठेवा, ‘युजरनेम फील्ड’ या गुणधर्माला ‘ईमेल’ द्या, ‘रिक्वायर्ड फील्ड्स’ची यादी रिकामी करा. बरेच जण इथे मॅनेजर (युजर तयार करणारा क्लास) स्वतःचा लिहायला विसरतात: मूळ मॅनेजर युजरनेमच मागतो, त्यामुळे क्रिएटसुपरयुजर ही ॲडमिनचं खातं बनवणारी आज्ञा कोसळते. शिवाय मॅनेजरमधलं नॉर्मलाइझ ईमेल हे फंक्शन फक्त ॲट चिन्हानंतरचा भाग लहान लिपीत करतं. एकाच माणसाची दोन खाती नको असतील तर अख्खा पत्ता स्वतः लोअर करा.

ॲडमिनमध्ये युजरसाठी साधा मॉडेलॲडमिन क्लास लावू नका, नाहीतर टाइप केलेला पासवर्ड हॅश न होता (न ओळखता येणाऱ्या रूपात न बदलता) तसाच साठतो. युजरॲडमिन घ्या, पण ईमेल लॉगिनसाठी युजरनेम काढलं असेल तर त्याच्या फील्डसेट्स, ऑर्डरिंग वगैरे सगळीकडचं युजरनेमही काढा.