पडदा मुलांना ओढू दे

प्रिय मुली,

स्नेहसंमेलन तुझ्या गळ्यात पडलं, अभ्यासक्रम मागे राहिलाय, आणि मुख्याध्यापक म्हणतात की नृत्याला कोरिओग्राफर आणा, निवेदकही बाहेरचाच बोलवा, मुलांचा वेळ वाचेल. ‘यात चूक काय, बाई?’ असं विचारतेस. चूक एवढीच की मग कार्यक्रम मुलांचा उरत नाही.

सभाधीटपणा, सांघिक भावना वगैरे अहवालात लिही, मला नको सांगूस. मी एकच सांगेन: काम मुलांच्या हातात दे. नुसतं रंगमंचावरचं नव्हे, सगळं. पाहुण्यांना पत्र, तालमींचं वेळापत्रक, कपड्यांची यादी, हिशोबाची वही, पडद्याची दोरी. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा विंगेत उभा राहून पहिल्या नंबरवाल्याला दटावतो, ‘थांब, तुझी एंट्री अजून नाही,’ आणि तो मुकाट्याने थांबतो. वर्गात हे होत नाही गं. तिथे कोणी कोणाचं ऐकायचं ते गुणांनी आधीच ठरवलेलं असतं. आणि तालमीत वाक्य दहादा चुकलं तरी लाल शाई नाही! चुकलं तर पुन्हा करायची मुभा परीक्षा कधी देते?

हे माझंच खूळ आहे असं समजू नकोस. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली, मुलांनी करावीत म्हणून नाटकं लिहिली, त्यांच्याबरोबर स्वतः भूमिकाही केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांना सांस्कृतिक जीवनात आणि कलांमध्ये सहभागी होण्याचा हक्क देतं. सहभागी होण्याचा, कळलं? नटवून रांगेत उभं राहण्याचा नव्हे.

माझ्या कार्यक्रमांना ढिसाळ म्हणायचे. म्हणोत. एकदा निवेदन करणारी मुलगी पाहुण्यांचं नाव विसरली आणि तिने माईकवरून सरळ त्यांनाच विचारलं. सभागृह हसलं, पाहुणेही हसले, कार्यक्रम पुढे गेला. बैठकीत मात्र मला सगळ्यांसमोर ऐकवलं. प्रसंग निभावणाऱ्या त्या पोरीला शाबासकी कोणी दिली नाही, ती खंत अजून आहे. पुढे समिती माझ्याकडून काढून घेतली. कार्यक्रम देखणे झाले, वेळेत संपू लागले. मुलं आपल्याच संमेलनात पाहुण्यांसारखी वावरू लागली. मी हट्टी होते, असं आजही बोलतात. मला तो हट्ट कमीच पडला असं वाटतं.

अभ्यासक्रमाची भीती खोटी नाही. पण रोज एकाच विषयाचा तास बुडवू नकोस, तास फिरते ठेव, म्हणजे गणिताचे सर तुझ्यावर उखडणार नाहीत. महिनाभर तालमी ताणायचं कारणही नाही. चकाचक करायचा सोस सोडलास की दिवस आपोआप कमी लागतात. आणि प्रत्येक खोळंब्यात धावत जाऊन स्वतः दोरी ओढायची नाही! तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून लिहिते. काम मुलांच्या हातात दिलंस ना? मग हात मागे घे.

मुख्याध्यापकांना सांग, कोरिओग्राफरच्या पैशात चांगले माईक भाड्याने घेऊ. उद्या वर्गात गेलीस की आधी हिशोबाची वही कोण ठेवणार ते विचार. नाचायला हात भरपूर वर येतील, त्याची घाई नाही.

तुझ्या,
बाई