चाकांचा रंग दर वेळी का सुटतो?

प्रश्न: माझ्या गाडीची अलॉय चाकं बारा वर्षांची आहेत. कडेने लॅकरचे (रंगावरच्या पारदर्शक थराचे) पापुद्रे निघतात. दोनदा घासून स्प्रे मारला, सहा महिन्यांत पुन्हा तेच. या वेळी मोरी तुंबल्यावर टाकतात ती कॉस्टिक पावडर कालवून एका चाकाला लावली. रंग निघाला, पण भरपूर फेस आला आणि चाक काळंठिक्कर पडलं. आता ते वाया गेलं का?

उत्तर: बहुतेक नाही. पण बाकीच्या तिघांना ती पावडर दाखवूसुद्धा नका. अलॉय म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम, आणि कॉस्टिक रंग खाऊन झाला की धातूच खायला घेतं. तो फेस हायड्रोजन वायूचा होता. जवळपास ठिणगी नव्हती, हे तुमचं नशीब. काळी राख म्हणजे धातूतला न विरघळणारा भाग, मुख्यतः सिलिकॉन. भरपूर पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने काढून टाका. खाली खोल खड्डे किंवा चीर दिसली, तर मात्र ते चाक भंगारातच द्या. चीर लांबीने (पुट्टीने) बुजवणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता मूळ दुखणं. तुमचे दोन्ही स्प्रे वाईट नव्हते. लॅकरला टवका गेला की पाणी आत शिरतं आणि पापुद्र्याखाली पांढरी बुरशीसारखी गंज सरकत जाते. तुम्ही घासलं ते दिसत होतं तेवढंच. गंज त्याच्या दोन बोटं पुढे पोचलेली असते. सुटलेल्या कडेपासून चकचकीत धातू लागेपर्यंत घासा. सुरुवात ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग २४०, शेवटी ४००. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे गंजतात.

उघडा अ‍ॅल्युमिनियम फार वेळ ठेवू नका, त्यावर ऑक्साइडचा थर लगेच धरतो. खरचटलेल्या कडांना लांबी भरून घ्या, तेल-मेण पुसा आणि त्याच दिवशी एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारं अस्तर, मारा. साधा प्राइमर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर नीट धरत नाही. नंतर रंगाचे तीन-चार पातळ हात. एकच जाड हात मारलात तर ओघळ ठरलेले. पावसाळी, दमट हवेत तर डबा उघडूच नका, लॅकर पांढरं पडतं. टायर उतरवलं नसेल तर रिम आणि टायरच्या फटीत पत्ते खोचा. कॅटातला एखादा पत्ता हरवला म्हणून घरात ठेवलेला कॅट याच कामासाठी असतो.

हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा लॅकर घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनापुढे साधा मास्क काही कामाचा नाही.

आणि एक जागा रंगवायची नाही: चाक हबला (ज्यावर ते नटांनी बसवतात त्या मधल्या भागाला) टेकतं तो मागचा भाग आणि नट बसतात त्या खोबणी. माझ्या पहिल्या चाकांना मी हौसेने तिथेही झकास रंग दिला. तिसऱ्या दिवशी पुढच्या चाकातून टकटक यायला लागली. उतरून पाहिलं तर दोन नट बोटांनी फिरत होते. दाबाखाली रंग चेपतो, निघून जातो आणि नट सैल पडतो. तिथे टेप लावा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) नट आवळा, आणि ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पाना घेऊन पुन्हा तपासा.