जपानला आई-बाबांना नेताय? आधी 'दाशी' समजून घ्या

तुमची आई पक्की शाकाहारी, बाबा मालवणचे मासेखाऊ, दोघांचा पहिलाच परदेश प्रवास, नोव्हेंबरात टोकियो आणि क्योतो मिळून नऊ दिवस. आणि तुमचे प्रश्न तीन: आई काय खाईल, जेवताना काय चुकेल, आणि छोटा कुकर बरोबर न्यावा का. मी तिथे काही वर्षं राहिले आणि माझ्या आई-बाबांना दोनदा फिरवलंय, त्यामुळे यातलं बरंचसं चुका करून शिकलेलं आहे. कुकरचं शेवटी सांगते.

आईच्या जेवणातली खरी अडचण मांस नाही, दाशी आहे. आपल्याकडे फोडणीला जी जागा, ती जपानी स्वयंपाकात दाशीला. हे एक पातळ, स्वच्छ पाणी असतं आणि बहुतेक ठिकाणी ते कात्सुओबुशीचं असतं. म्हणजे ट्यूनाच्या जातीचा मासा शिजवून, धुरावर लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवायचा आणि रंध्याने त्याचे पापुद्रे काढायचे. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, तेंपुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भज्यांबरोबर येणारी बुडवायची वाटी, अगदी साधी उकडलेली भाजी, सगळीकडे ती असते. डोळ्यांना मासा दिसत नाही, म्हणून वाढणारा 'यात मासा नाही' असं अगदी मनापासून सांगतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी मासा म्हणजे माशाचा तुकडा.

पहिल्या खेपेला मी माझ्या आईसाठी मोठ्या ऐटीत 'फक्त कोबीचं' ओकोनोमियाकी मागवलं. आपल्या धिरड्याचा जाडजूड भाऊ म्हणा. आलं, तर वर गुलाबीसर कागदाचे कपटे वाफेने हलत होते. आई म्हणाली, "अगं, हे जिवंत आहे की काय?" ते कात्सुओबुशीचे पापुद्रे. त्या रात्री आईने खोलीवर चिवडा खाल्ला आणि मी ओशाळवाण्या चेहऱ्याने दोघींचं धिरडं संपवलं.

तेव्हा 'शाकाहारी आहे का' असं विचारूच नका. जिन्नसाचं नाव घेऊन विचारा. 'निकु' म्हणजे मांस एवढंच म्हटलंत तर कधीकधी सॅलडमध्ये हॅमचे तुकडे येतात, कारण ते 'मांस' या शब्दात धरलं जात नाही. दोन वाक्यं कागदावर जपानीत छापून आईच्या पर्समध्ये ठेवा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' (मांस-मासे खात नाही) आणि 'कात्सुओ नो दाशी वा हाइत्ते इमास का?' (यात कात्सुओची दाशी आहे का?). अंडं चालत नसेल तर 'तामागो' हा शब्दही लिहा. तेंपुरा घेतलात तर मीठ मागा, वाटीत बुडवू नका. तळणीच्या पिठात अंडं असू शकतं, तेही विचारून घ्या. दाशी शाकाहारीही असते, कोंबु या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके मशरूमची. 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदांनी 'उमामी' चव शोधली ती याच कोंबुच्या पाण्यातून. त्यामुळे माशाशिवाय जपानी चव मिळत नाही असं नाही, फक्त शोधावी लागते.

शोधायची कुठे, तर देवळांत. बौद्ध भिक्षूंचं शोजिन र्योरी हे जेवण पारंपरिक रीतीने केलं तर त्यात मांस-मासा नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती त्या भिक्षूंवर एकदम खूश झाली. क्योतोत तेन्र्यू-जी देवळाच्या आवारात 'शिगेत्सु' नावाचं असं भोजनगृह आहे, आधी आरक्षण करून जा. आणि एक दिवस काढता आला तर कोयासान, डोंगरावरचं देवळांचं गाव. क्योतोहून ओसाकामार्गे साधारण तीन तास लागतात, पण देवळातच राहायचं, देवळातच जेवायचं. तिळाचं गोमा-दोफु तोंडात विरघळतं. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात, उशीर केलात तर भिक्षू थांबून राहत नाहीत. नोव्हेंबरात वर कडाक्याची थंडी असते, आईची शाल घ्या.

टोकियोत जीव कंटाळला तर निशि-कासाई गाठा. भारतीयांची मोठी वस्ती आहे, किराणा आणि डोसे दोन्ही मिळतात. टोकियो स्टेशनच्या तिकीटफाटकाच्या आत 'टीज तानतान' नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे. शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन पकडायच्या आधी तिथे जेवून घ्या.

बाबांची काळजी नको. फक्त त्यांना पहिल्याच दिवशी कच्चा मासा खायला घालू नका. 'साबा नो शिओयाकी तेइशोकु' मागवा. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, मीठ लावून भाजलेला, सोबत भात, सूप, लोणचं. नंतर सुशी. निगिरी सुशी हाताने खाल्ली तरी चालते, हे त्यांना आवर्जून सांगा.

रीतभात आपल्या पंगतीसारखीच आहे, थोड्या वेगळ्या जागी. पानात टाकायचं नाही, वाढलेलं संपवायचं. वाटी उचलून तोंडाला लावली तर चालतं, नूडल्स भुरकले तर कोणी बघतही नाही. ढेकर मात्र नको, आणि टेबलावर नाक शिंकरणं त्याहून नको. चॉपस्टिक्सच्या दोनच गोष्टी लक्षात ठेवा. भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मृतासमोर ठेवतात. आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलून देतात. पिंडाचा भात बघितलेल्या आपल्या आयांना हे एका वाक्यात समजतं. बाकी चुकलं तर लोक हसून सोडून देतात. चमचा-काटा मागायला लाजू नका.

टिप ठेवू नका, विसरलेले पैसे समजून परत द्यायला मागे धावत येतात. छोट्या दुकानांत दारातच यंत्रातून तिकीट काढायचं असतं. इझाकायात म्हणजे तिथल्या बारवजा खानावळीत न मागता एक छोटी डिश येते, ती बिलात लागते आणि तिच्यात बऱ्याचदा मासा असतो, ती बाबांकडे सरकवा. लोकल ट्रेनमध्ये डबा उघडू नका, शिनकानसेनमध्ये खुशाल उघडा. रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही, पिशवी जवळ असू द्या. आणि मोजे न फाटलेले घ्या. बऱ्याच ठिकाणी बूट काढून तातामीवर म्हणजे गवती चटईवर बसावं लागतं आणि बाबांचा अंगठा बाहेर आलेला सगळ्यांना दिसतो. (अनुभव.)

आता कुकर. नको. हॉटेलच्या खोलीत शिजवू देत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. चिवडा, दशम्या, लोणच्याची छोटी बाटली घ्या. ताजी फळं आणि कढीपत्त्याची जुडी घेऊ नका, विमानतळावर अडवतील. आणि मेतकूट मात्र विसरू नका. कोंबिनीत म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात शिजवलेल्या साध्या भाताची वाटी मिळते, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होते. बऱ्याच हॉटेलांत मायक्रोवेव्ह असतो. शेजारच्या फ्रीजमधून साधं दही उचला, पण डब्यावर 'मुतो' म्हणजे बिनसाखरेचं आहे ना ते फोनच्या कॅमेऱ्याने बघून घ्या. आम्ही एकदा गोड दह्यात मेतकूट कालवलं होतं. बाबांनी ते मुकाट्याने खाल्लं, आईने नाही.