पाठवणाऱ्याच्या पत्त्यानुसार मेल वेगवेगळ्या रिलेने बाहेर काढता येतील का?

येतील, पण एक्सचेंजच्या (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) सेंड कनेक्टरच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलची वाट ठरवणाऱ्या सेटिंगच्या, मागे लागू नका. तुम्ही लिहिलंय की जिनिंगचं आणि ऑइल मिलचं डोमेन वेगळं, रिले सेवाही (आपले मेल पुढे पोचवणाऱ्या) वेगळ्या, आणि ऑफिसात एक्सचेंज सर्व्हर एकच. सेंड कनेक्टर मेल कुणाला जातोय ते बघतो, कुणाकडून निघाला ते नाही. म्हणून पुढे पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरची एक लिनक्स मशीन बसवा आणि बाहेरचे सगळे मेल एक्सचेंजकडून तिच्याकडे सोडा. वणीकडच्या आमच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हीच मांडणी आहे.

पोस्टफिक्समध्ये २.३ आवृत्तीपासून सेंडर_डिपेंडंट_रिलेहोस्ट_मॅप्स ही पाठवणाऱ्यानुसार रिले ठरवणारी सेटिंग आहे. तिच्या फाइलमध्ये डावीकडे @ लावून डोमेन, उजवीकडे रिलेचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे पोर्ट ५८७. कंस नसला तर तो त्या नावाचा एमएक्स (त्या डोमेनचे मेल कोणता सर्व्हर घेतो ते सांगणारी नोंद) शोधत बसतो. मग पोस्टमॅप चालवून रिलोड करा.

पासवर्डसाठी बरेच जण एसएमटीपी_सेंडर_डिपेंडंट_ऑथेंटिकेशन (पाठवणाऱ्यानुसार वेगळं लॉगिन) चालू करायला सांगतात. तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचे रिलेच वेगळे आहेत, तेव्हा पासवर्डच्या फाइलमध्ये कंस-पोर्टसकट रिलेचं नाव लिहिलं की भागतं. तो पर्याय चालू केला की कनेक्शन पुन्हा वापरणं बंद होतं, आणि सीझनमध्ये गाठींची बिलं एकदम सुटतात तेव्हा प्रत्येक मेलला नव्याने लॉगिन करावं लागतं. रिले एकच आणि खाती दोन असती, तर मात्र तोच पर्याय लागला असता.

खरी मेख पुढे आहे. हा सगळा हिशेब लिफाफ्यावरच्या, म्हणजे मेल देताना सर्व्हर एकमेकांना सांगतात त्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर चालतो, आतल्या पत्रावर दिसणाऱ्या फ्रॉमवर नाही. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मेलमध्ये ऑइल मिलचं नाव दाखवेल, पण लिफाफ्यावर जिनिंगचा पत्ता टाकत असेल, तर मेल जिनिंगच्याच वाटेने जाणार. लॉगमध्ये क्यूएमजीआरच्या (पोस्टफिक्सचा रांग सांभाळणारा भाग) ओळीतलं 'फ्रॉम' बघा, मग त्याच क्यू आयडीच्या (मेलचा रांगेतला क्रमांक) एसएमटीपीच्या ओळीतलं 'रिले'. या दोन ओळी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रान्सपोर्ट_मॅप्समध्ये (कुणाला जाणारा मेल कोणत्या वाटेने ते ठरवणारी यादी) जुनी नोंद राहिली असेल तर ती या सगळ्यावर वरचढ ठरते, तेही तपासा.

प्रत्येक डोमेनच्या एसपीएफमध्ये (त्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी नोंद) त्या-त्या रिलेचं नाव हवंच, आणि एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच.

रस्त्याच्या कामात फायबर तुटली तरी मेल हरवत नाहीत. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस रांगेत धरून ठेवतो. लाइन आली की पोस्टक्यू -एफ द्या, लगेच सुटायला लागतील.