यंत्राचा हातोडा टेकवून कॉलम ‘चांगले आहेत’ म्हणाले. विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इमारत १९८६ सालची, तळमजला अधिक तीन. पार्किंगमधल्या दोन कॉलमना कोपऱ्यालगत उभे तडे गेलेत. सोसायटीने बोलावलेल्या माणसाने हातोड्यासारखं स्प्रिंगचं यंत्र टेकवून आकडे घेतले आणि “काँक्रीट चांगलं आहे, तड्यांत पुट्टी भरा” म्हणून सांगितलं. त्यावर विसंबावं का, आणि बीम-कॉलमची ताकद मुळात काढतात तरी कशी?

विसंबू नका, आणि पुट्टी तर मुळीच भरू नका. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारती तपासणं हेच माझं रोजचं काम. कोपऱ्यालगत सरळ उभा तडा म्हणजे बहुतेक वेळा आतली सळई गंजून फुगल्याची खूण. पुट्टीने तडा झाकला जातो, गंज आत चालूच राहतो.

त्या यंत्राला रिबाउंड हॅमर म्हणतात. ते काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा मोजतं आणि त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात. मानकच सांगतं की हा अंदाज २५ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. पण जुन्या इमारतीत खरी अडचण वेगळीच असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरतो. त्याने वरचा थर कडक होतो आणि हॅमर मोठा आकडा दाखवतो. त्याच वेळी काँक्रीटचा अल्कधर्मी गुण जातो, सळईभोवतीचं संरक्षण संपतं आणि गंज सुरू होतो. म्हणजे ज्या कारणाने आकडा चांगला आला, त्याच कारणाने सळई खराब होत असते. हे पडताळणं सोपं आहे: काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन फवारा. गुलाबी झालं तो भाग शाबूत. रंग न आलेला थर सळईपर्यंत पोचला असेल, तर हॅमरच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

आता हिशोब. बीमचं आधी आटपतो. बीम वाकतो, खालची बाजू ताणली जाते आणि तो ताण सळ्या घेतात. नीट डिझाइन केलेल्या बीममध्ये काँक्रीट चिरडण्याआधी सळ्या ताणून लांबतात. झोळ पडतो, खालून तडे दिसतात, प्लास्टर सुटतं, माणसांना सावध व्हायला वेळ मिळतो. बीम-स्लॅबवर प्रत्यक्ष वजन ठेवून चाचणीही घेता येते. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाची भारतीय संहिता) प्रमाणे इमारतीच्या स्वतःच्या वजनाखेरीज माणसं-सामानाच्या भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवायचा. तो काढल्यावर पुढच्या २४ तासांत निदान ७५ टक्के झोळ भरून आला पाहिजे.

कॉलमला असं करता येत नाही. त्याच्यावर सगळ्या मजल्यांचं ओझं आधीच आहे, आणि काँक्रीट दाबाखाली फुटतं ते फारशी सूचना न देता. म्हणून कॉलमच्या बाबतीत मोजमाप आणि गणित एकत्रच करावं लागतं.

तुमच्या काळातला नेहमीचा कॉलम घ्या: २३० बाय ३०० मिमी, काँक्रीट एम-१५ (म्हणजे ताकद १५ न्यूटन प्रति चौ. मिमी), १२ मिमीच्या ६ सळ्या. त्या वेळच्या १९७८च्या संहितेत एम-१५ चालत असे. आजच्या संहितेच्या सूत्राने काँक्रीटचा वाटा साधारण ४१० किलोन्यूटन आणि सळ्यांचा १८९. बेरीज जवळजवळ ६००. सुरक्षेसाठी त्याला दीडने भागलं की वापरातला भार ४०० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४० टन. आता गंजाने चारही बाजूंचं ४० मिमी कव्हर (सळ्यांबाहेरचं काँक्रीट) सुटलं आणि सळ्यांचं क्षेत्र २० टक्क्यांनी घटलं असं धरा. आत उरतं १५० बाय २२०. तोच हिशोब पुन्हा केला की ४०चे २३ टन होतात. कॉलम जागेवर उभा, रंगवला तर दिसायलाही ठीक, आणि जवळजवळ निम्मा रिकामा.

हे ४० टनही जास्तीचेच आहेत. भार नेमका मध्यावर कधीच येत नाही, म्हणून संहितेप्रमाणे तो निदान २० मिमी सरकलेला धरावा लागतो. २३० मिमीच्या कॉलमला ते सरकणं बरंच महाग पडतं.

दुसरी गोष्ट रिंगांची, म्हणजे उभ्या सळ्यांभोवतीच्या आडव्या कड्यांची, आणि माझ्या मते तुमच्या कॉलममध्ये आधी तीच पाहायला हवी. प्लास्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबा. ती चिरडत नाही, तिला बाक येतो. बाक येण्याचा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकातच मांडलं. लांबी दुप्पट झाली की क्षमता चौथाई. कॉलममधली प्रत्येक उभी सळई अशीच एक फूटपट्टी आहे आणि तिला जागोजागी धरून ठेवतात त्या रिंगा. १२ मिमीच्या सळईसाठी दोन रिंगांत १९२ मिमीपेक्षा जास्त अंतर चालत नाही. पण रिंग सर्वांत बाहेर असते आणि जुन्या कामांत बहुधा ६ मिमीची, म्हणून आधी तीच गंजून तुटते. एक रिंग गेली की सळईची मोकळी लांबी दुप्पट, लागोपाठ दोन गेल्या की तिप्पट. मग सळई बाहेर फुगते आणि उरलेलं कव्हर ढकलून देते.

१९०७ साली कॅनडात क्युबेकचा पूल बांधतानाच कोसळला आणि ७५ कामगार गेले, तोही दाब सोसणाऱ्या भागांमुळेच. खालच्या जाड दांड्या कित्येक पट्ट्या एकत्र बांधून केल्या होत्या आणि त्यांना एकत्र धरणारी जाळी दुबळी होती. पडण्याच्या आधी काही दिवस साइटवरच्या लोकांनी दांड्यांना आलेला बाक मोजलाही होता. काम मात्र चालू राहिलं.

तर तुम्ही काय करावं? त्या दोन कॉलमचं प्लास्टर काढून सळ्या आणि रिंगा उघड्या करायला सांगा, आणि व्हर्नियरने त्यांचा उरलेला व्यास मोजून घ्या. पण त्याआधी लगतच्या बीमना लोखंडी प्रॉप, म्हणजे टेकू, लावून घ्या. टेकू बीमच्या मधोमध ठोकून बसवू देऊ नका. तसं केलं की टेकूच्या वर बीम उलटा वाकतो, आणि तिथे वरच्या बाजूला पुरेशा सळ्या नसतात. टेकू कॉलमच्या जवळ हवेत आणि पक्क्या जमिनीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर नव्हे. एका इमारतीत मी टेकू टाकीवरच उभे केलेले पाहिलेत.

मग काँक्रीटचे किमान ३ कोअर (यंत्राने कापलेले दंडगोल तुकडे) काढून तपासा. त्यांची सरासरी अपेक्षित क्यूब-ताकदीच्या (चाचणीच्या घनाकृती ठोकळ्याच्या ताकदीच्या) निदान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५च्या खाली नको. कोअर काढण्याआधी सळ्यांची जागा यंत्राने शोधून घ्यायला लावा, नाहीतर उरलीसुरली सळई तिथेच कापली जाईल. शेवटी इंजिनिअरकडून गणिताचे कागद मागा: प्रत्येक कॉलमवर येतो किती भार आणि तो पेलतो किती. नुसतं ‘सुरक्षित’ लिहिलेलं पत्र घेऊ नका. मुंबईत असाल तर ३० वर्षांवरच्या इमारतीला ही तपासणी कायद्यानेच करावी लागते, त्यामुळे ‘खर्च कशाला’ म्हणणाऱ्या सभासदांना मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३५३ब दाखवा.

तडे किती रुंद आहेत, त्यांतून तांबूस डाग ओघळलेत का, आणि कॉलमवर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो का, हे कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल. पोकळ आवाज येत असेल तर प्रॉप याच आठवड्यात लावा आणि त्या कॉलमजवळ गाड्या उभ्या करणं बंद करा.