वन्यप्राण्यांचे फोटो आणि जपानी बागेतली प्रतीकं एकत्र करून डिजिटल फोटो आर्ट कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की राधानगरीला काढलेले गव्याचे आणि पक्ष्यांचे फोटो आहेत, त्यातनं जपानी बागेच्या थीमवर चार-पाच चित्रांची सिरीज करायची आहे, तर सुरुवात कुठनं करू आणि फोटोशॉप घ्यायलाच लागतं का. फोटोशॉपचं आधी उरकतो, नाही लागत. गिंप आणि क्रिता ही फोटोशॉपसारखीच दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत, लेअर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकायची सोय) नीट जमले की काम होतंय.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडं बहुतेक जण प्राणी कापून घेतात, मागं लाल पूल, वर चेरीची फुलं, कोपऱ्यात दगडी दिवा ठेवतात, आणि सगळं छान असूनही चित्र काहीच बोलत नाही, कारण त्या प्राण्याचं त्या बागेशी नातंच नसतं. मी स्वतः कोल्हापुरात बसून हे करतोय, आणि माझं पक्कं मत आहे की आधी नातं शोधा, कॉम्प्युटर नंतर उघडा.

माझंच उदाहरण सांगतो. जपानी बागेत शिशिओदोशी म्हणून एक प्रकार असतो. कळकाची पोकळ नळी मधोमध टेकवलेली, तिच्यात बारीक धारेनं पाणी पडत राहतं, भरली की तोंड खाली जातं, पाणी सांडतं आणि हलकी झालेली नळी मागं येऊन दगडावर टॉक्कन आपटते. आता बागेत तो आवाज शांततेसाठी ऐकतात, पण मूळचं काम शेतातली हरणं-डुकरं हाकलायचं. हे वाचलं आणि मला एकदम आपल्याकडचे शेतकरी आठवले, रात्री उसात गवा शिरला की डबे वाजवत बसणारे. झालं, चित्र मिळालं! दाजीपूरला पहाटे काढलेला एक गवा होता माझ्याकडं, मान वर, एक कान वळलेला, गुडघ्याखालचे पांढरे मोजे चिखलानं अर्धे काळे झालेले. तो कान त्या आवाजाकडं वळलाय असं दाखवायचं, बाकी चित्रात काही नको.

नळी कुठनं आणायची? बुरुडाकडनं कळकाचा तुकडा आणला, गच्चीवर पाट्याशेजारी मांडला, भावाला तांब्यानं पाणी ओतायला लावलं आणि फोटो काढले. पहिल्यांदा दुपारी काढले ते सगळे वाया गेले, कारण गव्यावर धुक्यातला मऊ उजेड आणि नळीखाली काळीकुट्ट सावली, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण डोळ्याला खोटं कळतंच. मग दुसऱ्या दिवशी उजाडताना परत काढले. उजेड कुठल्या बाजूनं येतोय आणि मऊ आहे का कडक, हे दोन्ही फोटोंत जुळलं पाहिजे, ते नंतर स्लायडर फिरवून जुळत नाही. सावली वेगळ्या लेअरवर मल्टिप्लाय मोडमध्ये (यात वरचा थर खालच्या चित्राला गडद करतो) रंगवा, पायाजवळ गडद आणि लांब जाताना विरळ, आणि शेवटी सगळ्यावर एकसारखा ग्रेन, म्हणजे फोटोतला बारीक दाणा, टाका म्हणजे दोन कॅमेऱ्यांतला फरक झाकला जातो.

पक्ष्यांचं म्हणाल तर तिथं क्रौंच आणि कासव ही दीर्घायुष्याची जोडी, क्रौंच हजार वर्षं आणि कासव दहा हजार वर्षं जगतं अशी समजूत. तळ्यात त्यांच्या नावाची बेटं करतात, कासवाचं बेट बसकं आणि क्रौंचाचं उभ्या दगडांचं. रंकाळ्यावरचा बगळा क्रौंच म्हणून चिकटवू नका, तो अर्थ त्याच्यात येत नाही. कासव मात्र घ्या, आपल्याही देवळात गाभाऱ्यासमोर असतंच, त्यामुळं आपल्या माणसाला ते लगेच भिडतं.

दगड-पाण्याच्या फोटोंसाठी पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान बघा, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरनं केलंय. कोल्हापुरातनं पहाटे निघालात तर एका दिवसात जाऊन येणं होतंय.

आणि जागा मोकळी सोडा, हे फार महत्त्वाचं. क्योटोच्या र्योआन-जी देवळात पांढऱ्या खडीत 15 दगड आहेत आणि ओसरीवर कुठंही बसलं तरी एखादा लपलेलाच राहतो. माझ्या गव्याच्या चित्रात निम्म्याहून जास्त भाग नुसतं धुकं आहे, आणि लोक तिथंच थांबून बघतात.

प्रिंट 12 बाय 18 इंच काढणार असाल तर 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, म्हणून कॅनव्हास पहिल्यापासून तेवढाच घ्या. खाली ‘डिजिटल कॉम्पोझिट’ असं स्पष्ट लिहा आणि वाइल्डलाइफ फोटोच्या स्पर्धेला हे पाठवू नका, जंगलात तासन्तास थांबून खरा क्षण टिपणाऱ्यांवर तो अन्याय होतो. तुमचे गव्याचे फोटो टाका इथं, कान कुठल्या बाजूला वळलाय ते बघून सांगतो.